पुसायचं कसं

ग्रिम्सबीत, मासळीच्या गोदीपासून दोन थांबे अलीकडे,
वाचनालयाच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी साडेचारला
मी मुलांना प्रसिद्ध करायला शिकवते.
म्हणजे, लिहिलेलं प्रसिद्ध करायला.

मराठीत हा घोळ आहेच :
छापून आलं तेही प्रसिद्ध,
आणि चार गावं ओळखतात तोही.
इंग्रजीत हे दोन शब्द एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत,
पण मुलांच्या डोक्यात मात्र मराठीच चालू असते.
"मिस, किती फॉलोअर झाले की पैसे येतात?"
पहिल्याच दिवशी, कॉबी.

सहा जण. एक हीटर, स्वतःपुरता तापणारा.
ओडेटाची आई फिश फिंगरच्या कारखान्यात रात्रपाळीला;
ती आईच्या हातमोज्यांवर लिहिते, तीन हॅशटॅग लावते,
त्यात एकही माशाचा नाही.

मी सांगत राहते :
शाळेचं नाव नको, घराच्या दाराचा फोटो नको,
रागात बटण दाबायचं नाही,
आधी मोठ्याने वाचायचं,
मसुद्याला एक रात्र झोपू द्यायचं.
मसुदा झोपतो? कॉबी हसतो.
हसू दे.

त्यांच्या वयाची असताना मी मिरजेहून कविता पाठवायचे,
सोबत तिकीट लावलेलं, माझाच पत्ता घातलेलं पाकीट.
नकाराचं भाडंही आपणच भरायचं.
कुलकर्ण्यांच्या जिन्याखालून पोस्टमन ओरडायचा,
"आलं गं परत!"
न फोडताच कळायचं त्याला, जाडीवरून.
साभार परत. सतरा वेळा.
अठराव्या वेळी मी पाकीट जोडलंच नाही,
आणि त्या कवितेचं काय झालं
मला अजून ठाऊक नाही.

यांचं कुणी काही परत करत नाही.
निळं बटण. दाबलं की गेलं.
मधे उंबऱ्यावर कुणी उभं नाही,
गुरुवारचा तासभर सोडला तर.

कीलन दोन बोटांनी लिहितो.
महिन्याभरात नऊ ओळी :
बाबा गेला त्या दुपारी सायकलची चेन निसटली होती,
आणि ती कशी बसवायची
हे अर्धंच दाखवून झालं होतं.
मी एक स्वल्पविराम घातला.
मग काढला.
"कोण पुसतंय, मिस," तो म्हणाला,
म्हणजे म्हणाला इंग्रजीत,
मला मराठीत ऐकू आलं,
आणि त्याने बटण दाबलं.

पुढच्या गुरुवारी वाचक चार.
एक तो, एक मी,
एक ओडेटा (तिने कबूल केलं).
चौथा हलचा.
नदीपलीकडचं हल, नकाशावर नखाएवढं अंतर,
रस्त्याने पूल ओलांडून पाऊण तास.
पहाटे तीन वाजता.
लागोपाठ पाच रात्री, पहाटे तीन वाजता.

कीलनने हुडी कपाळावर ओढली.
"मिस, हे पुसायचं कसं?"

आमच्याकडे पुसणं म्हणजे मिटवणं,
आणि पुसणं म्हणजे कुणीतरी
वाट वाकडी करून दारात येणं,
बरा आहेस ना, एवढंच विचारायला.
हे त्याला कुठल्या फळ्यावर लिहून दाखवू?
मी शिकवायला आले ते शिकवलं :
कोपऱ्यात तीन ठिपके,
सगळ्यात खालचा पर्याय.
यंत्राने विचारलं, नक्की?

त्याचं बोट वर तसंच राहिलं.
सहाला खालचे दिवे जायला लागले,
ग्रंथपाल बाई किल्ल्या वाजवत जिन्याशी आल्या,
कॉबीची बस चुकली, तो तरी गेला नाही.

मग कीलनने ती चौकट बंद केली
आणि खाली दहावी ओळ टाकली :
चेन बसवली मी. यूट्यूब बघून.

मी म्हटलं, छान आहे.
एक रात्र झोपू दे तिला.

"नको, मिस," तो म्हणाला.
"तीनच्या आत जायला हवी."