दुसरी पंगत

तेजपाल चौगुले टेक्सासात विमान शिकला.
तिथं म्हणे, पुढचं अजून धावपट्टीवर असतानाच
मागच्याला सांगून टाकतात :
उतर, तुझा नंबर दुसरा.
तिसऱ्यालाही.
तोवर होईल मोकळी, एवढ्या भरवशावर.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं.
किंवा लग्नाच्या कार्यालयात
माणूस अजून ताकभात कालवतोय
आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून
दुसरी पंगत उभी.

उजळाईवाडीच्या टॉवरात तसं नाही.
उतरलेलं विमान टोकापर्यंत जातं, वळतं,
त्याच वाटेनं परत येतं
गंगावेशीत धारेला आणलेल्या म्हशीसारखं,
कुणाची घाई अंगाला लावून न घेता.
तोवर वरच्याला माझा एकच शब्द : कंटिन्यू.
'ये' नव्हे.
'येत राहा.'

काल वर तोच होता.
सहा मैल. चार.
पंखाखाली गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचा धूर,
पट्टीवर टिटव्यांचं जोडपं
आणि त्यांच्यामागे आमची पिवळी जीप.
कंटिन्यू.
दोन मैल.
तो काही बोलला नाही,
नुसतं बटण दाबून सोडलं. खरखर.
जीप बाहेर पडली. पट्टी कोरी.
मग म्हटलं, क्लिअर्ड टू लँड.

खाली चहाला भेटला.
"ताई, आमच्यावर भरवसा नाय व्हय?"

आहे की.

त्याला कशाला सांगू,
सीपीआरच्या व्हरांड्यात वॉर्डबॉय
चांगल्या मनानं म्हणाला होता,
"काळजी करू नका बाई, पुढची खाट तुमच्याच मालकांची."
मी दारातून पाहिलं.
खाटेवर एक म्हातारा होता.
उशाशी स्टीलचा डबा, डब्यावर कोरलेलं :
कुंभार, शिये.
त्याची लेक तळपायाला तेल चोळत होती.
तिनं मान वर केली, मला पाहिलं,
माझ्या हातातली चादर पाहिली,
आणि परत चोळायला लागली,
आधीपेक्षा सावकाश.

चहावर साय धरली.
तेजपालला म्हटलं, नियम आहे बाबा आपल्याकडचा.
"तिकडंही नियमच आहे की," तो म्हणाला,
आणि बशी माझ्याकडं सरकवली.