आकडा सोडून

आकडा सांगता येणार नाही.
करारात तसं कलमच आहे, नववं,
खाली माझी सही, शाई फुटलेली.
नावही नको.
समोरचा म्हणूया.
बाकी जे माझं एकट्याचं, ते सांगतो.

जळगाव. मे महिना, दुपारचे तीन.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,
इथे पायऱ्या सतराच, पण लिफ्ट बंद,
आणि काखेत तीन वर्षांची फाईल :
नोटिसा, उत्तरं, उत्तरांची उत्तरं,
एमआयडीसीतल्या माझ्या मिलचे फोटो,
पुडीत बांधलेली मूठभर डाळ.
खाली कुरिअरवाला, वर मध्यस्थी केंद्र,
मधे जिन्यात कुणाची तरी सायकल.

परचेस ऑर्डरच्या पाठीवर
मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं :
वाद झाल्यास आधी मध्यस्थी, मग लवाद.
ते मी वाचलं नव्हतं.
समोरच्यानंही नाही,
आणि छापलं त्यानंच होतं.

मध्यस्थ बाई पिंजारी. नजमा पिंजारी.
मनात म्हटलं, हिला डाळीतलं काय कळणार.
त्यांनी पुडी सोडली,
टेबलावर दाणे पसरले,
चष्मा कपाळावर सारून
घरी बसल्यासारख्या निवडू लागल्या.
"यातला खराब कुठला?"
मी एक काळा दाखवला.
समोरच्यानं दुसराच दाखवला,
ज्यात मला काही दिसेना.
कूलर घुमत होता.
तीन वर्षांत पहिल्यांदाच
आम्ही दोघे एकाच गोष्टीकडे बघत होतो.

मशीनचं काम खरं तर तेवढंच :
काळा दाणा दिसला की फुंकर मारून बाहेर.
आमचं मशीन पिवळ्यालाच फुंकर मारी.
सोन्यासारखी फटका डाळ चुनीत,
चुनी ढोरांपुढे.
कुणाची तरी म्हैस सुखात होती,
मी नव्हतो.
हे मी चौतीस पत्रांत लिहिलं.
बोलून एकदाही नाही.

मग वेगवेगळ्या खोल्या.
माझ्या वाट्याला झेरॉक्सची.
दार लावून बाई म्हणाल्या,
"झोपेसाहेब, मागणी वाचली मी.
आता हवंय काय ते सांगा."
व्याजाचा दर पाठ होता,
नुकसानीचं कोष्टक पाठ होतं,
आणि तोंडातून निघालं,
"त्यानं मले खोटा म्हटलं.
वजनकाट्यावर. हमालायसमोर."
घरची बोली निघाली एकदम.
तीन वर्षं मी वकिलाची बोलत होतो.

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही.
पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

पलीकडच्या खोलीत तो काय म्हणाला, माहीत नाही.
त्या सांगत नाहीत, विचारायचंही नसतं.
परत आलो तर त्याची खुर्ची
टेबलाच्या कोपऱ्याशी तिरकी झालेली,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून
तो काहीतरी बोलला,
जे कबूल करायला माणसाला तीन वर्षं लागू शकतात.
तेही सांगणार नाही.

मग मीही कॅलेंडरलाच सांगितलं,
माझ्या कंप्रेसरला ड्रायर नव्हता.
पाईपात पाणी साचायचं,
फुंकर तरी सरळ कशी जाणार.
चौतीस पत्रांत
हे एकदाही आलं नव्हतं.

तिसऱ्या बैठकीला आकडा ठरला.
मला कमी वाटला. त्याला जास्त वाटला असावा,
चेहरा तरी तसाच होता.
खाली आणखी एक ओळ,
एक शब्द मागे घेतल्याची.
वकील म्हणाले, हिला कायद्यात अर्थ नाही, काढून टाका.
आम्ही दोघेही म्हणालो, राहू द्या.

सह्या झाल्यावर बाईंनी आपल्या नोंदी फाडल्या,
उभ्या, मग आडव्या,
आणि दाणे पुन्हा पुडीत भरून मला दिले.
पुन्हा त्याच्याकडून मशीन घेणार नाही मी.
पण जिन्यातली सायकल त्यानं धरली,
मी आधी उतरलो.

रात्री बायकोनं विचारलं, किती?
म्हटलं, कलम नऊ.
तिनं पुडी वरणाला लावली.
अगं, पुरावा होता तो.
शिजला आता, म्हणाली,
आणि एक काळा दाणा
ताटाच्या कडेला काढून ठेवला.