गठ्ठा नंबर एकोणीस

साखरपेठेत समुद्र कुणी पाहिलेला नाही.
तरी यंबय्या दर मंगळवारी कचेरीत येतो,
माझ्या मेजाशी उकिडवा बसतो:
"पंत, गलबत सुटलं का?"

मी कागद चाळतो. बुशहरचा साहेब शेखाला लिहितो,
शेख साहेबाला. दोन्हीकडून सलाम फार.
धरलेली गलबतं तीन. खजूर, तांदूळ,
सोलापुरी कापड. शेरा: किरकोळ.

किरकोळ म्हणजे पाच महिन्यांचा माग,
काठात एक लाल दोरा, ही त्याची खूण.

आज उत्तर आलं. गलबतं सुटली.
एकोणीस नंबरचा गठ्ठा तेवढा फोडलेला:
मोत्यांसाठी बुडी मारलेला एक पोरगा
वर आला तो तसाच,
त्याला गुंडाळायला.

यंबय्या बोटांवर वार मोजत राहिला.
मग म्हणाला,
"पुरलं का?"

पत्रात तसं काही नव्हतं.