चार नंबर

उद्यमबागेतल्या आमच्या शेडात
पंपाची एक बॉडी सतरा किलोची.
भरमा ती फिक्स्चरवर ठेवायचा,
शिफ्टला तीनशे वीस वेळा,
आणि ठेवायच्या आधी कानाशी नेऊन
बोटाच्या पेरानं एकदा टक्.
बिडात चीर असली की आवाज बसका येतो, म्हणायचा.

मग पिवळा हात आला. भोवती जाळी.
पुण्याचा पोरगा रिमोट घेऊन मागं उभा:
काका, तुम्ही उचला, मी पॉइंट घेतो.
भरमानं उचलली. घेतला.
वळला. घेतला.
कानाशी नेली,
पोरानं तोही घेतला.

भरमा आता स्टोअरला.
कंबर बरी आहे म्हणतो, रात्री झोप लागते.
खोटं कशाला सांगू,
शेजारच्या टेबलावर ओ-रिंग बसवताना
मलाही त्याचं कण्हणं ऐकू येत नाही, ते बरंच आहे.

पण चार नंबरला तो हात
बॉडी उचलायचा, वळायचा, आणि मधेच
थांबायचा हवेत,
भरमाचा कान असायचा तिथं.

एक पूर्णांक दोन सेकंद.
सायकल टाइम लिहिणाऱ्या मॅडमना ते सापडलं.
हे कशासाठी?
कुणी बोललं नाही.
मल्लव्वा तेवढी पुटपुटली, इरली बिडरी मॅडम,
आणि झाडू घेऊन पुढं गेली.

सोमवारपासून हात थांबत नाही.

जेवणाच्या सुट्टीत भरमा डबा घेऊन येतो,
जाळीच्या खांबावर पेर वाजवतो.
काय ऐकूलालास रे?

पाइप बरा हाय, म्हणतो.