हद्द कायम

फडतरे, डबा तसाच राहू द्या.
भेंडी कुठे जात नाही.
जातो तो हा अर्धा तास,
रोज, तुमच्या-माझ्या देखत,
मोबाइलवर दुसऱ्यांच्या सहली बघत.

आपण मोजणी खात्यातली माणसं.
उभ्या जिल्ह्याचे बांध आपल्याला पाठ.
कुणाची विहीर कुणाच्या गटात दीड फूट सरकली
ते तुम्ही झोपेतही सांगाल.
पण खुर्चीपासून फाटकापर्यंत पावलं किती?
मी मोजली. दोनशे सहा.
तुम्ही ती दिवसातून दोनदा टाकता,
येताना एकदा, जाताना एकदा,
आणि मधले आठ तास
हद्द कायम.

लिफ्टशेजारी मी नोटीस लावली:
'दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी धावणे. येणाऱ्याने यावे.'
त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं विचारलं,
'न येणाऱ्याने काय करावे?'
अक्षर तुमचं आहे, फडतरे.
नऊ वर्षं तुमचे शेरे वाचतोय,
तुमचा 'र' मी अंधारातही ओळखेन.

पहिले अकरा दिवस मी एकटाच.
प्रभात रोडच्या गल्लीतला इस्त्रीवाला
कोळसे फुलवता फुलवता म्हणाला,
"साहेब, कोण मागं लागलंय?"
उत्तर सुचलं नाही. धावत राहिलो.

बाराव्या दिवशी अभिलेख कक्षातल्या हेंद्रेबाई आल्या.
निवृत्तीला चौदा महिने.
पायात मुलाचे जुने बूट, मापानं मोठे,
पुढे बोळे कोंबलेले
रद्द झालेल्या अर्जांचे.
बोलल्या काहीच नाहीत.
कालव्याच्या रस्त्यानं त्या वाकड्या शिरीषापर्यंत पळाल्या,
गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या,
मला वाटलं, आता रिक्षा बोलवावी लागते.
तर हसत होत्या.
"सातवीत भोरला पळायचे.
मग घरात म्हणाले, मोठी झालीस.
त्यानंतर आजच."

साहेबांनी बोलावून विचारलं, हे नियमात बसतं का?
मी म्हटलं, सुट्टीत बसणं बसतं,
तर उठणंही बसत असेल.
त्यांनी चष्मा पुसला.
अजून लेखी काही आलेलं नाही.

वजनाचं मला विचारू नका.
माझं पाव किलोही हललेलं नाही.
घामाचं म्हणाल तर सायकल स्टँडमागे नळ आहे,
आणि जुन्या नकाशांच्या कपाटाला
माझा दुसरा शर्ट टांगलेला असतो.
उन्हाचं कारण चैत्रात सांगा.
आत्ता मार्गशीर्ष आहे.

परवाची गोष्ट.
धापा टाकत परतलो, शर्ट पाठीला चिकटलेला,
तर खिडकीशी मुळशीकडचे एक आजोबा,
हातात पोचपावती, घडीवर फाटलेली.
माझ्याकडे बघतच राहिले.
"माझ्या कामासाठी एवढं पळालात?"

काय बोलणार, फडतरे.
नाही म्हणायला तोंड उघडलं,
पण श्वासच पुरेना.
बसलो, फाईल शोधली, तुमच्याच टेबलावर होती,
सर्वांत खाली.
त्यांची नक्कल त्याच दिवशी दिली.
जाताना त्यांनी शिपायाला सांगितलं,
"ह्या हापिसातली माणसं पळतात."
हे असं कुणी आपल्याबद्दल
कधी म्हटलं होतं का?

आता आम्ही सहा आहोत.
आत्तार पळण्यापेक्षा बोलतो जास्त,
वाघचौरे फक्त चालतात आणि त्याला धावणंच म्हणतात,
आम्हीही म्हणतो.

तर तुमचा प्रश्न, पेन्सिलीतला.
न येणाऱ्याने डबे सांभाळावेत, असं लिहिणार होतो.
पण डबे खंडागळे सांभाळतो,
आणि कालपासून
खंडागळेही येतो.

बूट नसतील तर चपलेनं या.
हेंद्रेबाई फाटकाशी थांबल्यात, बोळे बदलतायत.
एक वाजून नऊ झाले.
दोनशे सहा पावलं तर तुमच्या सवयीचीच आहेत,
दोनशे सातवं
उजवीकडे टाका.