जिभली

तुळसाक्का पात धरते तेव्हा डोळ्यांवर विसंबत नाही.
नंदगडच्या तळ्याखालचं शिवार,
गुडघाभर दोडगा, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी,
आठ बायका, आठ पाती,
आणि नववी मी, बेळगावच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली,
खिशात भिंग.

"ह्ये सोडलीस बघ," ती म्हणते.
मला ते भातच दिसतं.
तीच उंची, तोच हिरवा,
वाऱ्यात तशीच मान टाकणं.
ती दोन बोटं पानाच्या बगलेत सारते,
पान खोडाला भेटतं त्या सांध्याशी.
भाताला तिथं जिभली असते,
पांढरी, पातळ, नखाच्या कोरीएवढी.
पाखडाला नसते.
"जीभ नाही त्येला. उपट."

बांधावर भाकरी सोडली तेव्हा
मला ते शेत मागे मागे जाताना दिसलं.
पाखड आधी असं नव्हतं.
दलदलीत ऐसपैस पसरायचं,
लाल देठांचं, दुरून ओळखू येणारं.
कुणा एकीनं आधी लाल देठाचं उपटलं.
तिच्या लेकीनं आडवं पसरलेलं.
नातीनं, घाई करून भाताच्या वर डोकं काढलेलं.
नजर ठरली ते गेलं.
थोडंसं, चुकून, भाताकडे झुकलेलं
राहिलं, पिकलं, कापणीआधी झडलं,
पुढच्या श्रावणात पुन्हा उभं.
किती श्रावण, कुणी मोजले?

पाखडाला डोळे नाहीत, आरसा नाही,
भात व्हावं अशी इच्छा तर नाहीच.
ते घडत गेलं
त्याला संपवायला वाकलेल्या बायकांच्या
हुकलेल्या हातांतून.

"अक्का, ह्या तणाला तुम्हीच शिकवलंय."
तंबाखूला चुना लावता लावता ती हसली.
"मग त्येचा पगार कोण देतंय गे आमास्नी?"

मष्णूमामाची गोष्ट त्यावरून निघाली.
देवभाताला कंटाळून त्यानं
कारवारकडच्या सोयऱ्याकडून जांभळ्या पानांचं बी आणलं.
जांभळ्या शेतात हिरवं रानटी भात,
आंधळ्यानंही उपटावं असं.
काही वर्षं आराम.
मग एका भांगलणीला बघतो तर
देवभातही जांभळं.
वाऱ्यानं पराग नेला होता, इतकंच.
हिरवी सगळी हातांनी वेचली,
जांभळी तेवढी मागं राहिली.
मामा बांधावर बसून राहिला म्हणे संध्याकाळपर्यंत,
"ह्येला सांगितलं कुणी?" एवढंच विचारत.

बिडीकडून आलेली गंगव्वा
तणाला कळे म्हणते.
तिच्या कन्नडात कळे म्हणजे तण,
आणि चेहऱ्यावरचं तेजही.
माझ्या मराठीत, उमगे.
एकाच शब्दाच्या मुळाशी बोट घातलं
तर कुठल्या बाजूची जिभली लागेल, सांगता येत नाही.
स्टँडवरच्या पाटीला पुन्हा डांबर फासलंय.
मागं एकदा शिरगणतीवाला दारात येऊन
मातृभाषा विचारत होता, एकच सांगा म्हणून.
गंगव्वा म्हणाली, "एरडू बरीरी." दोन्ही लिहा.
त्याच्या कागदात चौकट एकच होती.

दुपारनंतर पुन्हा पात.
मी आता बोटांनी शोधायला शिकते आहे,
दहात चार चुकतात.
आणि मग कडेच्या वाफ्यात हे एक:
देठाच्या रंगानं, गाठीच्या लवेवरून नक्की पाखड,
पण बगलेत काहीतरी पांढुरकं.
भिंगाखाली धरलं.
जिभली नव्हे. जिभली होईल की नाही माहीत नाही.
एक कड. केसाएवढी.

तुळसाक्काची बोटं मागून आली,
त्या सांध्याशी क्षणभर थबकली,
पुढं गेली.

मी काही बोलले नाही.
भिंग खिशात टाकलं.
आणि पात धरली.