पत्ता

उइस्ट बेटावर केबल येत नाही.
राउटर खिडकीत, शॉर्टब्रेडच्या रिकाम्या डब्यावर,
तोंड खाडीपलीकडच्या टॉवरकडे.

फिनले गेममध्ये पळतो, मारतो, मरतो,
सगळं सुरळीत.
फक्त बोलणं पोचत नाही.
ऑगस्टात ॲबर्डीनला गेलेला टॉर्किल
तिकडून ओरडत असेल;
इथे नुसता करडा ठिपका.

मी हेडसेट बदलला. पोर्ट उघडले.
राउटर बंद करून तीस आकडे मोजले, गेलिकमध्ये,
इंग्रजीत तो ऐकेना म्हणून.

शेवटी कंपनीतली बाई म्हणाली,
‘अख्ख्या बेटाला आमच्याकडे एकच पत्ता आहे.
बाहेरून हाक आली
तर कोणाच्या घरात सोडायची, कळत नाही.’

हे आमच्या पोस्टमनला सांगून बघा.
नुसत्या टोपणनावावर पत्र आणतो तो,
वर कुत्र्याची चौकशी.

महिन्याला चार पौंड जास्त,
स्वतःचा पत्ता. दिले.

शुक्रवारी ठिपका हिरवा झाला.
आवाज टीव्हीवर सोडलेला.
मी दाराला कान लावला,
दोन महिन्यांचं साचलेलं
पोरं काय काय बोलतात!

‘ए.’
‘हं.’
‘डावीकडे बघ. डावीकडे रे!’

मग बराच वेळ
ॲबर्डीनमध्ये कोणीतरी
चिप्स खात होतं.